हातचा कुठाय?

"आई, हातचा आलाच नाही, तर दाखवू कुठून?"

वही माझ्यापुढे धरलेली. ४७ + ३८ = ८५. उत्तर बरोबर, पण खाली लाल पेनाने 'हातचा दाखव' आणि अर्धा गुण कापलेला.

लेकीने काय केलं होतं? ५० आणि ४० नव्वद, मग "जास्तीचे घेतलेले ३ आणि २ परत दिले." परत दिले! हा तिचाच शब्द.

बाईंवर राग नाही, त्यांना अख्खा वर्ग सांभाळायचा असतो. पण हिचं लवकर झालं की आणखी वीस तसलीच गणितं मिळतात, ते खटकतं. शिक्षाच की ती!

मीही काही कमी नाही म्हणा. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणून ठेवलं होतं. ते आज उघडलंच नाही. डब्यातली जुनी बटणं काढली. एक बटण, त्याच्या दोन कडांना मिळून तीन, मग पाच, मग सात. दर वेळी चौरसच. १, ४, ९, १६...

"हे कधीच मोडत नाही?" म्हणत ती मांडतच बसली. झोपायची वेळ कधीच टळली होती.

उद्या बाईंना भेटायचंय. तक्रार न वाटता हे कसं सांगायचं? तुमच्यापैकी कुणी सांगितलंय?