आमची वाटचाल : 6 म्हशींपासून 32 पर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात आमचा गोठा आहे. वडिलांनी 6 म्हशींवर दूध सुरू केलं ते केळीचा पैसा हाती येईपर्यंत घरखर्च भागावा म्हणून. वैरण बांधावरची, धार काढायला आई आणि काका, मजुरी हिशेबात कुणी धरतच नव्हतं. अशा गोठ्यात दुधाचा भाव पडला तरी घर तग धरतं. मोठ्या गोठ्यांना दोन-चार म्हशींच्या घरावर मात करता येत नाही ती यामुळेच.

गोठा माझ्याकडे आला तेव्हा आम्ही म्हशी 18 वर नेल्या. हा आकडा फार अवघड असतो. घरच्यांना तेवढं आवरत नाही, म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी ठरवायचा. हाताने धार काढून वैरण-पाणीही बघायचं तर एका माणसाकडून दहा-बारा म्हशी नीट होतात, उरलेल्या सहा-आठांसाठी दुसऱ्या माणसाची पूर्ण सालाची मजुरी मोजावी लागते. धारेचं मशीन घ्यावं तर ते जेमतेम तासभर चालणार, बँकेचा हप्ता मात्र पुरता. त्यात 18 पैकी दुधात अकरा-बाराच. म्हैस दहा महिन्यांहून जास्त काळ गाभण असते, तिचा माज मुका असतो, म्हणजे वरून फारशी लक्षणं दिसत नाहीत, आणि उन्हाळ्यात तर तो ओळखूही येत नाही. एक माज हुकला की आणखी तीन आठवडे भाकड (दूध न देणाऱ्या) जनावराला खाऊ घालायचं.

घरात विचार झाला : एकतर मागे दहावर यायचं, नाहीतर तिसाच्या पार जायचं. आम्ही पुढे गेलो. मशीन घेतलं, चारा बारीक कापायचं कुट्टी यंत्र बसवलं, मक्याच्या मुरघासाचे (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) खड्डे बांधले. दोन सालदार 32 म्हशी सांभाळू लागले आणि लिटरमागची मजुरी उतरली.

पण खरा फायदा वेगळाच झाला. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळे चैत्र-वैशाखात सगळ्यांचंच दूध आटतं. नेमकी तेव्हाच दह्या-ताकाला मागणी असते. तीन म्हशींच्या घरी तिन्ही एकदम भाकड होऊ शकतात. 32 मध्ये वेतं मागेपुढे ठेवता येतात, म्हणून भुसावळचे आमचे रतीब मे महिन्यातही तुटत नाहीत. त्यासाठी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फवारे) आणि भरपूर पाणी लागतं. म्हशीचं कातडं काळं, घाम कमी, आणि इथला पारा 45 च्या पुढे जातो.

100 का नाही, असं बरेच जण विचारतात. न्यूझीलंडमध्ये सरासरी कळपच 400 च्या वर आहे, पण तिथल्या गायी वर्षातला बराच काळ कुरणात चरतात. आमच्याकडे प्रत्येक पेंढी कापून दावणीला आणावी लागते. म्हशीला रोज 25-30 किलो हिरवा चारा, वर दादर ज्वारीचा कडबा. आमच्या सात एकर मका आणि नेपियर गवतावर सध्याचा गोठा कसाबसा भागतो. त्यापुढची प्रत्येक म्हैस विकतच्या वैरणीवर जगेल, आणि दुधाच्या खर्चातला सर्वात मोठा वाटा खाद्याचाच असतो. सरकीची ढेप आमच्याकडे जवळच्या जिनिंग-तेलगिरण्यांमुळे सहज मिळते, पण नवा कापूस येईपर्यंत पावसाळ्यात तिचा भावही चढतो. शेणखताचं मात्र आमच्या पट्ट्यात भाग्य आहे. केळीवाले ट्रॉलीने उचलतात, आणि त्या पैशातून ढेपेचा बराच भार निघतो.

2022 मध्ये रावेर-यावलकडे लंपी हा जनावरांच्या कातडीचा साथीचा रोग आला. त्याचा मार गायींवर जास्त होता, म्हशी बऱ्यापैकी वाचल्या. पण जनावरांचे बाजार बंद झाले, आणि विकत म्हैस आणून गोठा भरायची वाटच खुंटली. तेव्हापासून चांगल्या दुधाळ म्हशींच्या वगारी (मादी पारड्या) आम्ही विकत नाही. आज गोठ्यात नऊ वगारी आहेत, त्यातल्या चार गाभण. त्या व्याल्या की तेवढ्याच म्हाताऱ्या म्हशी कमी करू आणि आकडा 32 वरच ठेवू.