नांदूर मधमेश्वरला फॅलरोप: कसा ओळखला, आणि जाणार असाल तर

नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला सगळे डिसेंबर-जानेवारीत पळतात, बदकं नि फ्लेमिंगो बघायला. पण मला विचाराल तर चिखलातल्या छोट्या पक्ष्यांसाठी ऑक्टोबरच भारी, गर्दी नसते आणि लांबचे प्रवासी वाटेत टेकलेले असतात. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा हा बंधारा शंभर वर्षांहून जुना, गाळाने भरून उथळ झालाय, आणि पक्ष्यांना तेच तर हवं असतं (२०२० ला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, राज्यात पहिला).

चापडगावच्या बाजूने पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलो तर लांब पायांच्या शेकाट्यांच्या पलीकडे टिलव्याहून (चिखलातला चिमणीएवढा पक्षी) जरा मोठा एक पक्षी चक्क पोहत होता, नुसता पोहत नाही तर जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरागरा फिरत पाण्यावर टकाटक चोच मारत होता. असं फिरल्याने खालचं पाणी वर येतं आणि त्याबरोबर बारीक किडे पण, मग हा ते टिपतो. गाईड दादा म्हणाले, "हा इथला नाही बरं का." खरंय, हा आर्क्टिककडचा, हिवाळा अरबी समुद्रात काढतो, आपल्याकडे मधेच कधीतरी उतरतो.

पोहतोय म्हणजे फॅलरोपच असं नसतं हं, शेकाट्या नि स्पॉटेड रेडशँक पण खोल पाण्यात कधीकधी पोहतात, पण त्यांची चोच चांगली लांब असते. डोळ्यामागे काळा पट्टा दिसला म्हणजे फॅलरोप पक्का, आता रेड-नेक्ड फॅलरोप का ग्रे फॅलरोप? मित्र म्हणे, "मान लाल कुठंय, ग्रे असणार." अरे पण लाल मान उन्हाळ्यातली, ती पण मादीची जास्त गडद (यांच्यात अंडी नर उबवतो, मादी मिरवते). चोच बघ म्हटलं. स्कोपमधून (तिवईवरची मोठी दुर्बीण) सुईसारखी बारीक काळी चोच स्पष्ट दिसली, ग्रेची जाड असते. शिवाय पाठीवर फिकट पट्टे होते, हिवाळ्यातल्या ग्रेची पाठ सपाट राखाडी. म्हणजे रेड-नेक्डच, विषय संपला.

जाणाऱ्यांनी पहाटेच निघा, नाशिकहून तास-सव्वा तास धरा. स्कोप असेल तर न्याच, नुसत्या दुर्बिणीत चोचीची जाडी कळत नाही. सूर्य पाठीमागे येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. फोटो काढताना चोच बाजूने, पाठ आणि उडताना उघडलेला पंख एवढं मिळवा, शंभर सुंदर फोटोंपेक्षा हे तीन कामाचे. गाळात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि पक्षी उडतात ते वेगळंच. आणि निघायच्या आधी गावातल्या गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा, पातळी उतरली असेल तरच चिखल उघडा पडतो, नाहीतर चक्कर फुकट.