शांती बर्धन, आमच्या बाई आणि बाहुल्यांचं रामायण

नृत्यनाट्यं बसवणारे शांती बर्धन, हे नाव शाळेतल्या किती जणांना आठवत असेल माहीत नाही, पण ज्या वर्षी आमच्या वर्गाने गॅदरिंगला बाहुल्यांचं रामायण केलं त्या वर्षीच्या सगळ्यांना ते पाठ असणार. तालमीत कोणी जरा जास्तच हौसेने कंबर हलवायला लागलं की संगीताच्या बाई हार्मोनियम थांबवून म्हणायच्या, "दोऱ्या बर्धनांच्या हातात आहेत रे, तुझ्या नाही." आम्हाला बरेच दिवस बर्धन म्हणजे कोणी शाळा तपासायला येणारे साहेब वाटायचे.

बाईंनी लहानपणी मुंबईत बर्धनांच्या लिटल बॅले ट्रूपचं रामायण बघितलं होतं. त्यात गावाच्या जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागतो आणि राम, सीता, रावण सगळेच्या सगळे बाहुल्या असतात, म्हणजे नाचणारी माणसंच, पण लाकडाची असल्यासारखी, तोंडावर मुखवटे, हातपाय दोरीने ओढल्यासारखे. बाई सांगायच्या की थोड्या वेळाने दोऱ्या नाहीत हेच विसरायला व्हायचं. हे डोक्यात ठेवून त्यांनी आम्हाला, ज्यांना धड गरबासुद्धा जमत नव्हता, स्टेजवर उभं केलं.

बर्धनांबद्दल खरं कळलं ते पुढे हौशी नाटकं करायला लागल्यावर, शोधून शोधून वाचल्यावर. जन्म 1916 चा, कोमिल्ल्याचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. मणिपुरी नृत्य शिकलेले, मग अल्मोड्याला नर्तक उदय शंकरांच्या केंद्रात. ते केंद्र म्हणजे अजब जागा असणार, झोहरा सहगल तिथे शिकवायच्या, गुरुदत्त तिथे विद्यार्थी होते, आणि कुठल्याही एका घराण्याचं नृत्य न करता आपल्या गोष्टीला लागेल ती हालचाल शोधायची ही सवय तिथलीच. 1944 च्या सुमाराला पैशाअभावी केंद्र बंद पडलं आणि बर्धन मुंबईत इप्टाच्या, म्हणजे डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीच्या, सेंट्रल स्क्वाडमध्ये आले. हे सगळे कलाकार अंधेरीला एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, दिवसभर तालमी. बंगालचा दुष्काळ ताजा होता, त्यामुळे नाचात राजकुमारी वगैरे नाहीत, भूक, परकी सत्ता, सावकार हेच विषय. 'स्पिरिट ऑफ इंडिया' आणि मग 'अमर भारत' तिथून निघाले. दुसऱ्याला संगीत रविशंकरांचं. पुढे 1947 मध्ये इंडियन नॅशनल थिएटरसाठी (आयएनटी) नेहरूंच्या पुस्तकावरून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', तेही याच जोडीचं. आयएनटी म्हटलं की आपल्याला एकांकिका स्पर्धा आठवते, बॅले आठवत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याच शहरात त्याच वर्षांत शाहीर अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गाजत होते, ते आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच चळवळीतला हा नाचवणारा माणूस मराठी रंगभूमीच्या गप्पांत कुठे येतच नाही. तो बंगाली होता म्हणून, का बॅले हा शब्दच आपल्याला पांढरे फ्रॉक घालून चवड्यांवर उभं राहणं वाटतो म्हणून, कोण जाणे.

मग टीबी झाला. तेव्हाचा टीबी म्हणजे काय ते जुन्या लोकांना सांगायला नको, आणि इथे तर ज्याचं पोट शरीरावर त्याचीच फुफ्फुसं गेलेली. त्यातून थोडं सावरून त्यांनी 1952 मध्ये मुंबईतच लिटल बॅले ट्रूप काढलं, आणि त्यातून आलं रामायण. कोणाला वाटेल की दम लागणाऱ्या माणसाने कमी दमाचं नृत्य शोधलं. मला हे पटत नाही, कारण एक तर नाचणार होती दुसरी मंडळी, आणि दुसरं म्हणजे बाहुलीसारखं नाचणं अजिबात कमी दमाचं नसतं, आम्ही केलंय ना! गुडघा मऊ करायचा नाही, हात खांद्यातून न उचलता कोपर आधी वर जाणार आणि पंजा मागून लोंबकळत येणार, मान वळवायची तर एका झटक्यात, मध्ये कुठे थांबायचं नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हालचाल संपली की पूर्ण मेलेलं राहायचं. जिवंत माणूस उभा असतानासुद्धा बारीक बारीक हलतच असतो, बाहुली नाही हलत. आमचा जटायू पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसायचा.

पण यात खरी करामत नृत्याची का दिग्दर्शनाची असा प्रश्न मला आता पडतो. एकदा सगळे बाहुल्या आहेत असं ठरवलं की स्टेजचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एन्ट्रीला दार लागत नाही, बाहुली बाजूने सरकत येते. चेहऱ्यावर भाव आणायची मारामारी संपली, चेहरा मुखवट्याचा, त्यामुळे रडणं मानेच्या कोनातून दाखवायचं. मागे बसलेल्या माणसाला डोळे दिसत नाहीत पण मान दिसते. आणि रामायणासारखी कांडंच्या कांडं असलेली गोष्ट एका संध्याकाळीत बसवायची तर जत्रेतल्या खेळाला भराभर पुढे जायची मुभा असतेच, प्रेक्षक तक्रार करत नाही. कोरिओग्राफर आणि स्टेज डिरेक्टर ही दोन कामं एकाच डोक्यात असली की काय होतं ते इथे दिसतं. नाही तर आपल्याकडे बरेचदा नाच कोणीतरी बसवतं, प्रवेश कोणीतरी बसवतं आणि शो मध्ये दोघं वेगवेगळ्या दिशेला जातात (राज्य नाट्य स्पर्धेत मी हे स्वतःच्या डोळ्यांनी खूप बघितलंय, नावं घेत नाही).

'पंचतंत्र' हे त्यांचं शेवटचं काम. तिथे बाहुल्या गेल्या आणि प्राणी आले. दोन्हीकडे माणूस मात्र माणसासारखा हलत नाही, ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 1954 मध्ये ते गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही.

एवढ्यावर ट्रूप संपायला हरकत नव्हती, बहुतेक ग्रुप असेच संपतात. पण गुल बर्धन, त्यांच्या पत्नी आणि ट्रूपमधल्याच नर्तकी, यांनी ते धरून ठेवलं, नवी नृत्यनाट्यं बसवायला प्रभात गांगुली होते. 1964 मध्ये सगळा बाडबिस्तरा ग्वाल्हेरला, नंतर भोपाळला. रामायण देशोदेशी फिरलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं. नृत्य कागदावर उतरवून ठेवता येतं, तशा पद्धती आहेत, पण आपल्याकडे ते बहुतेक एका अंगातून दुसऱ्या अंगात जातं आणि जाता जाता पातळ होतं. प्रत्येक जण आपली थोडी लचक घालतो. बाहुलीला लचकच नाही, त्यामुळे हे काम इतकी वर्षं टिकायला ती शिस्तही कारणीभूत असावी असा माझा अंदाज. गुलजींना 2010 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

आमच्या रामायणातला लंकेचा प्रवेश शाळेच्या महोत्सवी वर्षाच्या समारोपाला परत उभा करायचा घाट बॅचच्या काही जणांनी घातलाय. गुडघे आता तसेही वाकत नाहीत, त्यामुळे पात्रता आहे. पुठ्ठ्याचे चौकोनी मुकुट कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर शाळेच्या ऑफिसात आणून द्या, आणि रावणाला बायपासनंतर डॉक्टरांनी दोन महिने सुट्टी दिली आहे, त्यामुळे उंच माणूस हवा आहे.