नव्वद सेकंदांची अव्वा

ॲनिमेशनला ॲडमिशन घेतली तेव्हा चाळीत बातमी अशी फिरली की मागवाल्याची पोरगी कार्टून बघायला कॉलेजात जाती. बघायला नाही, काढायला, असं दोनचार जणांना सांगून बघितलं आणि मग नाद सोडला. पुढची तीन वर्षं बघण्यातच गेली, त्यामुळं चाळीचं अगदीच चुकलं होतं असं म्हणता येणार नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. पप्पा मागावर चादरी विणतात. शेजारी अव्वा. अव्वा म्हणजे तेलुगूत आजी. ती माझी नात्यानं कुणी नाही, पण आमच्याकडं शेजारची म्हातारी अव्वाच असते, मग तुमच्या घरात मराठी बोलत असोत नाहीतर कन्नड. ती बिड्या वळते. मी शाळेतून आले की दप्तर तिच्याच उंबऱ्यात पडायचं.

पप्पांना फीपेक्षा मोठा प्रश्न पडला होता, की हे शिकून करायचं काय. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, पप्पा, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला सिनेमा काढला, पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर लावला आणि एकेक फ्रेम घेत रोप वाढताना दाखवलं. हेच आम्ही शिकणार. पप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि बायकोचे दागिने कुणी गहाण टाकले?" आई तेवढ्यात स्वैपाकघरातून बाहेर आली. तो विषय त्या दिवशी तिथंच थांबला. चार दिवसांनी पप्पा स्वतःच म्हणाले, हप्त्यानं घेतात का विचार.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत. माहितीपत्रकात जी लॅब होती ती आम्हाला प्रत्यक्षात दिसलीच नाही. दुसऱ्या वर्षी शिकवणारे मध्येच बदलले आणि दीड महिना आम्ही एकमेकांनाच शिकवत होतो. सॉफ्टवेअरचं एवढं नडलं नाही, ब्लेंडर फुकट मिळतं. मशीन मात्र आपलं लागतं. जुना लॅपटॉप घेतला. त्याचा पंखा असा वाजायचा की आई म्हणायची, घरात आणखी एक माग आला.

पहिल्या सत्रात फक्त चेंडू. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम्स, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तर बारा चित्रं, आणि त्यात चेंडू पडून उसळला पाहिजे. रबराचा, क्रिकेटचा आणि फुगा, असे तीन. सगळ्या वर्गाचा क्रिकेटचा चेंडू रबराचाच झाला. वर गेल्यावर चित्रं जवळजवळ यायला हवीत आणि जमिनीकडं येताना लांबलांब, हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळायला महिना गेला. डिस्नेचे दोन जुने ॲनिमेटर, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये पुस्तक लिहून बारा तत्त्वं सांगितली. ती आम्ही पाढ्यांसारखी पाठ केली. दबणं-ताणणं, हालचालीआधीची तयारी, मागून येणारी हालचाल वगैरे. परीक्षेत बाराही आली, चेंडू तरीही रबराचाच.

मग पोतं. हा सगळीकडंच शिकवतात तो धडा आहे: डोकं नाही, हातपाय नाहीत, नुसतं भरलेलं पोतं, आणि ते खूश आहे की दमलंय हे समोरच्याला कळलं पाहिजे. माझं पोतं उडी मारायचं आणि उशीसारखं खाली यायचं. सर म्हणाले, "यात भरलंय काय? कापूस?" दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पांच्या गाडीवर बसून मार्केट यार्डात गेले. कांद्याच्या गाड्या खाली होत होत्या. हमाल पोतं उचलताना आधी खाली जातो, हे मी लहानपणापासून बघत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. गुडघे मोडतात, श्वास आत घेतला जातो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पोतं पाठीवर असतं. कांद्याचं पोतं पाठीवर पडलं की त्याचा आकार लगेच बदलत नाही. आतले कांदे सरकतात, मग पोतं बसतं. ज्वारीचं पोतं वेगळं, ते पडल्या पडल्या बसतं. मी तासभर उभी होते. एका हमालानं विचारलं, "काय हवंय बे तुला?" म्हटलं, काही नाही, बघतेय. त्याला ते फारसं पटलं नाही.

त्याच जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत पेलतात त्या उंच काठ्या, दरवर्षीच बघते. पण त्या वर्षी मी माणसं बघितलीच नाहीत, काठीचं टोक बघत बसले. बाराबंदी घातलेला माणूस काठी पेलत पुढं सरकतो तेव्हा खालचा भाग आधी जातो आणि वरचं टोक उशिरा येतं. तो थांबला तरी टोक थांबत नाही, थोडं पुढं जाऊन मग परततं. पेलणारा ते टोक न बघताही ओळखतो, त्याच्या कमरेत ते कळत असावं. 'मागून येणारी हालचाल' हा पाठ केलेला शब्द मला तिथं गर्दीत पहिल्यांदा समजला. मैत्रिणीला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, आधी नमस्कार तर कर.

चालीचा धडा मात्र घरात सुटला. चालण्याची एक फेरी, दोन पावलं, चोवीस फ्रेम्स: पाय टेकतो, शरीर दबतं, दुसरा पाय ओलांडतो, शरीर वर येतं, की पुन्हा टेकतो. फेरी संपली की परत पहिल्यापासून. माझं पात्र छान चालायचं, फक्त दर सेकंदाला किंचित अडखळायचं. सगळ्या पोझेस तपासल्या, दोन दिवस काही सापडेना. पप्पा जेवून हात पुसत मागं उभे राहिले आणि म्हणाले, "इथं एक धागा डबल पडलाय."

त्यांच्या जकाटच्या मागावर नक्षी कार्डांवर असते. भोकं पाडलेली कार्डं, एकेका आडव्या धाग्याला एकेक, सगळी दोऱ्यानं ओवून माळ केलेली. शेवटचं कार्ड पहिल्याला जोडलेलं असतं, म्हणून नक्षी फिरत राहते. एखादं कार्ड चुकून दोनदा ओवलं गेलं तर चादरीत तिथं रेघ दिसते. माझ्या फेरीची पंचविसावी फ्रेम म्हणजे पहिलीच फ्रेम होती, आणि मी दोन्ही चालवत होते. पंचविसावी काढली, पात्र सरळ चालायला लागलं. पप्पांनी परत कधी 'करायचं काय' विचारलं नाही. मात्र माझ्या कुठल्याही कामात आधी डबल धागा शोधायची सवय त्यांना लागली.

तिसऱ्या वर्षी नव्वद सेकंदांची स्वतःची फिल्म. मी लगेच अव्वा घेतली. पहिली कथा माझ्या मते फार भारी होती: म्हातारी बाई, दिव्याखाली बिड्या, खोकला, बिड्या मोजून घेणारा माणूस निम्म्या बाद करतो, शेवटी पाऊस. नव्या मॅडमनी स्टोरीबोर्ड, म्हणजे कथेची ओळीनं काढलेली चित्रं, पूर्ण बघितला. "हिला काय हवंय?" मी म्हटलं, तिचं जीवन फार कष्टाचं आहे. "ते तुला वाटतं. तिला काय हवंय? आत्ता, या खोलीत, या मिनिटाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या उंबऱ्यात बारा वर्षं बसले होते आणि उत्तर नव्हतं.

म्हणून परत जाऊन बसले. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलावलेली पानं, एका मापात कापलेली. पान हातात, चिमूट तंबाखू, बोटांत फिरलं, दोऱ्याचे वेढे, तोंड मिटलं, झाली. अर्ध्या मिनिटात एक. डोळे टीव्हीवर. हात कधी थांबतात ते मी बघत होते. सिरियलमध्ये कुणी मेलं तरी थांबत नव्हते. थांबायचे ते मोजताना. पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधायचा, तर ती तेलुगूत मोजायची: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. मी मध्ये काहीतरी विचारलं की तिचा आकडा चुकायचा. ती माझ्याकडं बघायची, बिड्या परत सुपात, परत ओकटी. मी हे लहानपणी रोज केलंय. मुद्दाम केलंय.

तिला काय हवं होतं? पंचवीसपर्यंत पोचायचं होतं. एवढंच.

फिल्म अशी झाली. म्हातारी मोजते. दारातली पोर विचारते, पाऊस येणार का. आकडा चुकतो. परत. पोर विचारते, तुझे दात कुठं गेले. परत. तिसऱ्यांदा पोर विचारतच नाही. म्हातारी मोजत जाते, पंचवीस होतात, कट्टा बांधते, आणि मान वर करून दाराकडं बघते. मॅडम म्हणाल्या, पाऊस कुठं गेला? म्हटलं, काढला. बरं केलंस.

आवाज अव्वाचाच घेतला, मोबाइलवर, मागं मागांची खडखड सकट. ओठ जुळवायला वर्गात दिलेला तक्ता इंग्रजी उच्चारांचा होता, तो बाजूला ठेवला. मोबाइलवर तिचं तोंड हळू करून पाहिलं तर कळलं की ळ, ण, ड हे सगळे आत जिभेवर होतात, बाहेर काही दिसत नाही. दिसतो तो जबडा, आणि प-ब-म ला मिटणारे ओठ. ते मिटणं दोन फ्रेम तरी टिकवलं नाही तर डोळा पकडतच नाही. मूडूच्या म ला ओठ नीट मिटवले, तेवढ्यानं निम्मं तोंड खरं वाटायला लागलं.

हात मात्र रडवून गेले. आधी पोझेस ठोकळ्यासारख्या एकापुढं एक लावायच्या, तोपर्यंत सगळं झकास दिसतं. मग मधल्या फ्रेम्स कॉम्प्युटरनं भरल्या की पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं, कारण कॉम्प्युटरला थांबणं माहीत नसतं. प्रत्येक थांबा हातानं घालावा लागतो, आणि थांबतानाही किंचित हलत ठेवावं लागतं, नाहीतर पुतळा होतो. त्यात बिडी एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची. ती आधी उजव्या हाताला बांधलेली, मग डाव्याला, आणि बदलायच्या फ्रेमला बिडी उडून छताला जायची. एकदा अव्वाच्या कानात गेली. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

रेंडर म्हणजे कॉम्प्युटरकडून एकेका फ्रेमचं पक्कं चित्र करून घेणं. त्यातली चूक लिहिते, कुणाचा तरी मे महिना वाचेल. नव्वद सेकंद गुणिले चोवीस म्हणजे २१६० फ्रेम्स. माझ्या लॅपटॉपला एका फ्रेमला दोन मिनिटं. म्हणजे ७२ तास, तीन दिवस तीन रात्री, सोलापूरच्या उन्हाळ्यात. कुलर लॅपटॉपकडं फिरवला आणि आम्ही तिघं गच्चीवर झोपलो. मी शहाणीनं थेट व्हिडिओ फाइल करायला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. त्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती. लाईट आली तेव्हा फाइल उघडेना, गेली ती सगळीच गेली. थेट व्हिडिओ करू नका. एकेक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवा, लाईट गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं लावता येतं. हे वर्गात सांगितलं होतं म्हणे. मी त्या दिवशी यात्रेत होते की काय कोण जाणे.

दुसऱ्या खेपेला वेळ कमी होता. एका जागी हालचाल बसत नव्हती, बिडी उचलायच्या आत आकडा यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथले बारा फ्रेम्स आवाजासकट उडवले. अर्धा सेकंद. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फिल्म दोनदा बघितली, म्हणाले, टायमिंग छान आहे, रंग अजून उजळ चालले असते. चांगले मार्क पडले.

मग लॅपटॉप घेऊन अव्वाकडं गेले. ती चष्मा लावून बसली. स्वतःचा आवाज ऐकून हसली, दातांच्या प्रश्नाला मला एक चापट मारली. तिसऱ्या मोजणीला हसू थांबलं आणि ओठ हलायला लागले. ती स्वतःच्याच आवाजाबरोबर मोजत होती. फिल्म संपली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"पदिहेडू कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. तिनं बोटं धरून दाखवलं. पदहारू, सोळा. पद्देनिमिदी, अठरा. मधलं सतरा कुठाय? "चोवीस बिड्या हायत ह्यात. असला कट्टा तो घेत न्हाई."

मूळ रेकॉर्डिंगमध्ये सतरा होतं, माझ्याच फोल्डरमध्ये. मी म्हटलं, अव्वा, परीक्षा झाली, मार्क पण आले. ती म्हणाली, "मग?"

बारा फ्रेम्सचे हात बसवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तिच्याच घरात प्लग लावला आणि रेंडर सुरू केलं. सांगितलं, चोवीस मिनिटं लागतील. तिनं टीव्ही लावला, सूप मांडीवर ओढलं, आणि एक पान उचललं.