विहिरीतला तांबडा थर

भूजल सर्वेक्षणाच्या कामात वर्षभर विहिरी पाहणे होतच असते. पण गेल्या मे महिन्यात पन्हाळा तालुक्यात, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, एका अर्धवट खोदलेल्या विहिरीवर घालवलेली दुपार माझ्या मनातून जात नाही.

३४ फुटांपर्यंत काळा पाषाण फोडत आलेल्या गड्यांना अचानक तांबडी माती लागली होती. कातळाच्या पोटात माती पाहून ते बिचकले होते आणि "हितं आता पाणी न्हाई" असे सांगून ठेकेदाराने यारी हलवायची तयारी चालवली होती. शेतकऱ्याचा आधीचा बोअर कोरडा गेलेला, त्यामुळे त्याचा चेहरा उतरला होता.

मी यारीच्या डब्यातून खाली उतरलो. थर जेमतेम हातभर जाडीचा होता. वरची चार बोटे विटेसारखी भाजून कडक झालेली, मधला भाग नखाने उकरता येईल इतका मऊ, आणि त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दगडी गोळे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत असताना दोन लोटांमध्ये कधी कधी इतका मोठा खंड पडे, की आधीच्या खडकाची ऊनपावसाने माती होई आणि पुढचा लाव्हा तिला भाजत वरून वाहून जाई. तो खंड माझ्या हाताला लागत होता.

वर आल्यावर शेतकऱ्याचे वडील, ज्यांना सारे आबा म्हणतात, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे ज्वालामुखीच्या त्या काळातबी पाऊस पडतच हुता म्हना की!" इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. बांधावर बसून मी त्यांना सविस्तर सांगितले.

ज्वालामुखीमुळे हवा थंडही होते आणि तापतेही, फक्त दोन्हींची मुदत वेगळी असते. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला. त्यापासून गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनले, त्यांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत हजारो वर्षे रेंगाळतो, म्हणून दख्खनसारखे दीर्घकाळ चाललेले उद्रेक पृथ्वीला तापवतात. आजचे ज्वालामुखी मात्र माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. हे मी आवर्जून सांगतो, कारण गावोगावी मला याच्या उलट ऐकायला मिळते.

मग हा वायू हवेतून कमी कसा होतो? त्याचे उत्तर विहिरीतून काढलेल्या दगडातच होते. दगडाच्या भेगेत चुन्याची पांढरी रेघ होती. पिशवीतल्या बाटलीतून सौम्य आम्लाचे दोन थेंब मी तिच्यावर टाकले, तशी ती फसफसली. आबा वाकून पाहत राहिले. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी किंचित आंबट होते, काळ्या पाषाणातले कॅल्शियम विरघळवते आणि त्याचा चुना करून वायू कोंडून ठेवते. तोच वायू आता बुडबुड्यांनी सुटत होता. लाव्हाने हवेत सोडलेला वायू त्याच लाव्हाच्या खडकावर पडणारा पाऊस लाखो वर्षांत परत गोळा करतो. आबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच होते: पाऊस नुसता पडत नव्हता, ज्वालामुखीने केलेले ओझे उतरवत होता.

हवामानही ज्वालामुखीला हलवते, हे त्यांना अधिक नवलाचे वाटले. हिमयुग संपताना आइसलँडवरचा बर्फाचा जाड थर वितळला, खालच्या तप्त खडकावरचा दाब उतरला, आणि दाब उतरताच तो अधिक वितळू लागल्याने उद्रेक कित्येक पटींनी वाढले.

ठेकेदाराला मी सांगितले, की हा थर चिकणमातीचा असल्याने वरून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते. तो सुरुंगाने फोडू नका, त्याच्या माथ्यालगतच्या सांध्यात आडवे बोअर मारा. यारी जागेवरच राहिली. तिसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. पहिला बोअर कोरडा गेला होता, पण डोंगराच्या बाजूच्या दुसऱ्याला करंगळीएवढी धार लागली होती, आणि दिवसभर पाणी तांबूस येत होते.