जालन्याची सीडी

सायबर सुरक्षेच्या पदव्युत्तर वर्गात आले की सगळं नेटवर्क आणि मालवेअर असेल, असं मी धरून चालले होते. पण गेला आठवडाभर उशाशी आहे तो आमच्या जालन्याचा खटला.

२०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला, हा मुद्दा. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण, सीडीवर उतरवलेलं. सोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणजे ही प्रत कुठल्या उपकरणातून, कशी काढली हे लेखी सांगणारं. अधिकाऱ्यांनी ते मागूनही दिलं नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मूळ उपकरण हजर करत नसाल तर प्रमाणपत्र लागणारच. पण ज्याने मिळवायचे सगळे प्रयत्न केले, त्याची अडवणूक होणार नाही. उच्च न्यायालयाने रद्द केलेली निवड रद्दच राहिली.

आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशही, म्हणजे डेटाचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावा लागतो, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. परवा प्रयोगशाळेत आम्ही तेच केलं. मूळ पेनड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावून त्याची प्रत काढली, एसएचए-२५६ पद्धतीने काढलेल्या हॅशची ६४ अक्षरं अर्जावर उतरवली. मग सरांनी प्रतीतल्या एका फाइलमध्ये फक्त एक स्पेस टाकायला लावली. पुन्हा हॅश काढला तर आधीच्याशी काही म्हणता काही जुळेना. माझ्या पोटात गोळाच आला.

कारण नोकरीत असताना एका रात्री आमच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं होतं. मी डिस्क पुसली, बॅकअप चढवला, पहाटेपर्यंत काम सुरू. सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी पोलिसांनी लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, मागितले. ते त्याच डिस्कवर होते. तक्रार तिथेच अडली, आणि ते माझ्या हातून झालं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. हे नियम रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोहोचवणं मला कुठल्याही टूलइतकंच महत्त्वाचं वाटतं.

काल तिथल्याच एका ज्युनिअरला फोन केला.

"ताई, पण साहेब म्हणतात आधी सर्व्हर चालू कर."

"साहेबांना माझ्याशी बोलायला सांग. तू आधी चालू सर्व्हरच्या मेमरीची (रॅमची) प्रत घे, मग डिस्कची काढ. हॅश काढून वहीत लिही, वेळ टाक, सही कर."

"वही कुठली?"

"उद्या एक नवीन आण."