पॉवर अँप्लिफायरमधला बायस
व्यावसायिक पॉवर अँप्लिफायरचे सर्किट प्रथमदर्शनी गुंतागुंतीचे दिसते, पण त्याचे मूळ टप्पे बहुधा तीनच असतात. पहिल्या टप्प्यातली ट्रान्झिस्टरची जोडी येणारा सिग्नल आणि आउटपुटवरून परत आणलेला फीडबॅक यांतील फरक टिपते, दुसरा टप्पा त्या फरकाचे व्होल्टेज वाढवतो आणि तिसरा स्पीकरला लागणारा करंट पुरवतो.

माझ्या मते खरे कसब तिसऱ्या टप्प्याच्या बायसमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर किंचित चालू राहावेत म्हणून त्यांना आधीच दिलेल्या व्होल्टेजमध्ये आहे. तिथे ट्रान्झिस्टरचा एक गट सिग्नलचा धन भाग हाताळतो, तर दुसरा ऋण. बेस आणि एमिटर या आपल्या दोन टोकांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय सिलिकॉन ट्रान्झिस्टर नीट सुरू होत नाही, त्यामुळे बायस नसेल तर शून्याजवळ दोन्ही गट बंद राहतात आणि हळू आवाजातले बारकावे खरखरीत होतात. म्हणून क्लास एबी रचनेत सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहता ठेवतात.

अडचण उष्णतेची आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हे आवश्यक व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने घटते, म्हणजे तोच बायस जास्त करंट वाहू देतो, ट्रान्झिस्टर आणखी तापतो आणि हे चक्र आवरले नाही तर जळतो. यावरचा उपाय मला अतिशय सुंदर वाटतो: बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर तिसऱ्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरच्याच हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) घट्ट बसवतात, म्हणजे तोही तापतो आणि बायस आपोआप उतरवतो. दुरुस्तीच्या वेळी तो हीटसिंकपासून सुटा असताना अँप्लिफायर लोडवर, म्हणजे स्पीकर जोडून, मुळीच चालवू नये.